गोष्ट अपुरी राहिली तर देणं कुणाचं?

२० मे २०१९, सोमवार. रमजानचा चौदावा रोजा. सहरी झाली, फजरची नमाज झाली की आमच्या घरात सगळे पुन्हा आडवे होतात. त्या दिवशी मात्र माझा भाचा आणि त्याचे चार मित्र हॉलमध्ये लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसले होते. ज्यांचे रोजे नव्हते त्यांच्यासाठी बहिणीने चहा ठेवलेला. साडेसहाला हॉटस्टारवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा भाग येणार होता. त्याच गुरुवारी लोकसभेची मतमोजणी होती, कोल्हापुरात कोण येणार यावर गल्लीत पैजा लागल्या होत्या. पण या पोरांना दिल्लीच्या तख्तापेक्षा त्या लोखंडी सिंहासनाची काळजी जास्त.

आठ वाजता हॉलमधून जो आवाज आला, तो मॅच हरल्यावर येतो तसा होता. पहिल्याच भागात ज्या पोराला खिडकीतून खाली ढकललं होतं, तो राजा झाला. भाचा म्हणाला, “आठ वर्षं वाट बघितली ती ह्यासाठी?” त्याची आठ वर्षं काही खरी नव्हती, त्याने कॉलेजात गेल्यावर दोन सुट्ट्यांत सगळे सीझन संपवले होते. पण राग खरा होता. तो शेवटचा सीझन पुन्हा बनवा असा अर्ज इंटरनेटवर फिरत होता, त्यावर जगभरातून दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. आमच्या हॉलमधल्या पाच सह्याही त्यात आहेत.

आता ही पोरं नोकरीला लागलीत, दोघांची लग्नं झालीत, पण वाट बघणं चालूच आहे. मालिकेने फसवलं तर फसवलं, खरा शेवट पुस्तकात येईल, असं त्यांनी ठरवून टाकलंय. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर भेळ खाताना त्यांचा हाच विषय निघाला. लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा जन्म १९४८ चा. मागच्या पुस्तकाला इतकी वर्षं लागली, या पुस्तकाला इतकी होऊन गेली, म्हणजे पुढच्याला किती, असा हिशेब मोबाइलवर मांडून झाला. आणि एकजण सहज बोलून गेला, “मामू, म्हातारं गचकायच्या आत पुस्तक यील का नाही, तुमास्नी काय वाटतंय?”

मी पण हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. ते मलाच का लागलं, ते पुढे येईल.

ज्यांना या प्रकरणाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्टिन यांनी आधी तीन पुस्तकांचा बेत केला होता, तो वाढत वाढत सातांवर गेला. पहिलं पुस्तक १९९६ ला आलं, पाचवं जुलै २०११ ला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एचबीओवर मालिका सुरू झाली होती. पाचव्या आणि सहाव्या सीझनच्या आसपास मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. गाडी इंजिनाला मागे टाकून पुढे गेली म्हणा ना. जानेवारी २०१६ मध्ये मार्टिननी स्वतःच लिहून टाकलं की सहावं पुस्तक ठरल्या मुदतीत झालेलं नाही. मग निर्मात्यांनी लेखकाकडून मोठमोठे टप्पे ऐकून घेतले होते त्यांच्या आधारावर बाकीची गोष्ट स्वतः रचली. आधीचे सीझन दहा भागांचे होते, सातवा सात भागांचा केला, आठवा सहांचा. सहावं पुस्तक ‘द विंड्स ऑफ विंटर’ अजून यायचंय, सातव्याचं तर बोलायलाच नको.

तर प्रश्न असा, की लेखक वाचकाचं देणं लागतो का?

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, टेलर होते. बिंदू चौकाजवळच्या एका बोळात दोन मशिनांचं दुकान. देणं कशाला म्हणतात हे मी त्या दुकानात बघितलंय. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एकच वाक्य, “कापड देऊन पंधरा दिवस झाले, कधी देता?” आणि नानांचं एकच उत्तर, “इन्शाअल्लाह, जुम्मेरात.” कुठली जुम्मेरात ते ते सांगत नसत. चांदरातीला फजरची अजान होईपर्यंत काजं-बटणं चालायची, पण ईदगाहला कुणी जुन्या कपड्यांत गेला असं झालं नाही. तिथे देणं होतं, कारण कापड गिऱ्हाइकाचं होतं. त्याच्या पैशाने घेतलेलं, त्याच्या नावाची चिठ्ठी टाचलेलं. ते अडकवून ठेवायचा टेलरला हक्कच नाही.

वाचकाचं कापड कुठे असतं? मार्टिनची पाच पुस्तकं पोरांनी विकत घेतली, त्या पैशात पाच पुस्तकं मिळाली. सहाव्याचा ॲडव्हान्स कुणी दिलेला नाही. देणंघेणं तिथे मिटलं.

पण एवढ्यावर मीच समाधानी नाही. मुखपृष्ठावर ‘भाग पहिला’ असं छापणं म्हणजे काहीतरी कबूल करणंच आहे. नाना म्हणायचे, माप घेतलं म्हणजे निम्मा शब्द दिला. वाचकाचं माप घेतलेलं असतं. कुठल्या पात्रावर त्याचा जीव जडेल, कुठल्या पानावर त्याची झोप उडेल, हे लेखकाने मोजून-मापून केलेलं असतं. तेव्हा वाचकाने विचारावं, कुरकुर करावी, चार शिव्याही द्याव्यात. ते चालतं. फक्त लेखक अजून किती वर्षं जगेल याचा हिशेब भेळेच्या गाडीवर मांडू नये. पुस्तकाची वाट बघता बघता आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या मरणाकडे डोळे लावून बसलोय, हे त्या पोरांच्या लक्षातही आलं नाही.

आमच्या पिढीने तरी काय वेगळं केलं? आमची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ म्हणजे ‘चंद्रकांता’. १९९४ ला दूरदर्शनवर सुरू झाली. नीरजा गुलेरींची मालिका, रविवारी सकाळी. चंद्रकांता झालेली शिखा स्वरूप, राजकुमार झालेला शाहबाज खान, क्रूरसिंग झालेला अखिलेंद्र मिश्रा आणि त्याचं ते ‘यक्कू’, जे आमच्या शाळेत प्रत्येक वर्गात दिवसातून शंभर वेळा ऐकू यायचं. शाहबाज खान इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मुलगा, हे मला फार उशिरा कळलं. आणि बद्रीनाथ अय्यार झालेला तो मोठ्या डोळ्यांचा, तेव्हा कुणाला नावही माहीत नसलेला इरफान खान.

आमच्या घरात नाना ती मालिका मशिनवर बसल्यासारखं पुढे वाकून बघायचे. बद्रीनाथने वेष पालटला, कुणाला बेहोशीची बुकटी हुंगवली, की ते मांडीवर थाप मारायचे. “ये तो अपना उमरो अय्यार है रे, नाम बदलको आया!”

तेव्हा वाटायचं, म्हातारा सगळीकडे आपलंच बघतो. पुढे वाचल्यावर कळलं की त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. वेष पालटणारे, कमंद टाकून किल्ल्यात शिरणारे, मालकाशी इमान राखणारे हे अय्यार, आणि जादूने बांधलेलं, एकाच ठरलेल्या माणसाच्या हातून तुटणारं तिलिस्म, हे दोन्ही फार्सी-उर्दू दास्तानांतून आलेलं. अमीर हमजाची दास्तान, तिच्यातला दोस्त उमरो अय्यार, आणि त्याची ती झंबील, म्हणजे झोळी, जिच्यात अख्खं जग मावतं. बनारसच्या देवकीनंदन खत्रींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे सगळं उचललं, चुनार आणि नौगढच्या किल्ल्यांत नेऊन ठेवलं आणि नागरी लिपीत, साध्या बोलीत लिहिलं. ती कादंबरी वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले असं म्हणतात.

एक गोष्ट मात्र खटकली, तीही सांगतो. मालिका बघून मी करवीर नगर वाचन मंदिरातून मूळ ‘चंद्रकांता’ आणली. पहिल्याच प्रकरणांत क्रूरसिंगाचे दोन अय्यार भेटले, नाझीम आणि अहमद. चांगल्या बाजूला तेजसिंग, देवीसिंग, आणि वाईटाच्या पदरी आमचे दोघे. अय्यारी आमच्या घरातून उचलली आणि आम्हालाच चोराच्या बाजूला उभं केलं, असं तेव्हा वाटलं. नानांना बोललो, तर ते हसले. म्हणाले, हमजाच्या दास्तानीत सगळे जादूगार कोण असतात ते बघ जरा. बघितलं. तिथे दुसऱ्या बाजूला सगळे काफिर. शेवटी तेही कलमा पढून आत येतात, नाहीतर मरतात. हिशेब चुकता झाला असं मी म्हणणार नाही. दोन चुका मिळून एक बरोबर होत नाही. पण त्या दिवसापासून रडगाणं थोडं कमी झालं.

१९९६ ला ‘चंद्रकांता’ बंद पडली. निर्माती आणि दूरदर्शन यांच्यातला वाद कोर्टात गेला आणि आमचे रविवार सुने झाले. पुढे काय झालं, हे वर्गात जो तो आपल्या मनाने सांगायचा. एकाने तर मुंबईच्या काकांनी स्टुडिओत बघितलं म्हणून दोन महिने रोज एक एपिसोड ऐकवला. पक्का थापाड्या, पण सांगायचा छान. नंतर वेगवेगळ्या चॅनेलवर नव्या ‘चंद्रकांता’ आल्या, २०१७ ला तर एकाच वेळी दोन आल्या. त्यांत तो थापाड्या बरा होता.

खत्रींकडे परत येतो, कारण मार्टिनच्या चाहत्यांनी ऐकावी अशी गोष्ट इथे आहे. ‘चंद्रकांता’ झाली, तिच्यामागून ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग झाले, आणि मग त्यातल्याच एका भानगडबाज पात्रावर खत्रींनी ‘भूतनाथ’ लिहायला घेतलं. सहा भाग झाले आणि १९१३ मध्ये ते गेले. वाचक अर्ध्या वाटेवर. तेव्हा त्यांचा मुलगा दुर्गाप्रसाद पुढे आला. त्याने वडिलांच्या लेखणीखालून सुटलेले धागे गोळा केले आणि पुढचे पंधरा भाग लिहून काढले. आज बाजारात ‘भूतनाथ’ मिळतं ते एकवीस भागांचं. कुठे बाप संपतो आणि कुठे मुलगा सुरू होतो, हे वाचणारा विचारत बसत नाही.

उर्दूतही तेच. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ छापायला घेतली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले आणि मग त्यांचं प्रकाशकाशी बिनसलं. पुढचे खंड अहमद हुसेन कमर यांनी लिहिले. दोघांची शैली वेगळी, दोघांचे चाहते वेगळे, कोण भारी यावर भांडणारे अजून आहेत. पण अफरासियाब जादूगाराचा निकाल लागला, गोष्ट मधेच लटकली नाही. हमजाच्या सगळ्या दास्तानांचे मिळून छापील खंड ४६ झाले. शम्सुर रहमान फारुकींनी आयुष्यातली कित्येक वर्षं घालवून ते एकेक करून गोळा केले आणि वाचले. मार्टिनच्या पाच जाडजूड पुस्तकांनी दमलेल्या पोरांना मी हा आकडा सांगतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मराठी माणसाला तर यात नवल वाटायचं कारणच नाही. नॉव्हेलला आपण काय म्हणतो? कादंबरी. हा शब्द आला बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून. सातव्या शतकातला, हर्षाच्या दरबारातला बाण. त्याच्या त्या गोष्टीत राजापुढे बसून बोलणारा पोपट आहे, शाप आहेत, एकाच माणसाचे अनेक जन्म आहेत, गोष्टीच्या पोटात गोष्ट आहे. आजच्या भाषेत फँटसीच. आणि ती अर्धवट टाकून बाण वारला. पुढचा भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने लिहिला. म्हणजे मराठीत प्रत्येक कादंबरीच्या कपाळावर आपण जे नाव लावतो, ते एका अपूर्ण राहिलेल्या आणि दुसऱ्याने पुऱ्या केलेल्या गोष्टीचं आहे. ज्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या, त्यांनी ‘रासेलस’चं भाषांतरही हाती घेतलं होतं. ते अर्धवट राहिलं आणि मुलगा विष्णुशास्त्री यांनी पूर्ण केलं. आणि आमच्या जिल्ह्याचं सांगायचं तर आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी कर्ण उचलला, कोल्हापूरच्या खांडेकरांनी ययाती उचलला. व्यासांची परवानगी घ्यायला कुणी गेलं नव्हतं, आणि घराघरात ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाति’ आहेत.

मार्टिन यांचं म्हणणं याच्या उलट आहे. आपल्या मागे दुसऱ्या कुणी ही मालिका पूर्ण करू नये, असं त्यांनी सांगून ठेवलंय. चाहत्यांनी त्यांची पात्रं घेऊन स्वतःच्या गोष्टी लिहिलेल्याही त्यांना आवडत नाहीत. हयात लेखकाचा शब्द मानला पाहिजे, त्याच्या नावावर कुणी धंदा करू नये, इथपर्यंत मी त्यांच्या बाजूने आहे. पण त्यापुढे माझं त्यांच्याशी जमत नाही. गोष्ट एकदा हजारो घरांत शिरली की ती कोण कुणाला कशी सांगतो, यावर पहारा ठेवता येत नाही. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मोठ्या मालिकेचे शेवटचे भाग ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून लिहिले, आणि वाचकांनी ते डोक्यावर घेतले. म्हणजे अमेरिकेतही हे होतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट बिघडला तो दुसऱ्याच्या हाताने झाला म्हणून, असं मला वाटत नाही. तो घाईने झाला म्हणून बिघडला. दुर्गाप्रसादांनी पंधरा भाग घेतले. यांनी दोन सीझन मिळून तेरा एपिसोडमध्ये सात राज्यांचा संसार गुंडाळला. एका राणीला सहा वर्षं दयाळू दाखवायचं आणि दोन रविवारांत तिच्या हातून शहर जाळायचं, हे उसवलेल्या शिवणीवर इस्त्री फिरवण्यासारखं आहे. लांबून बरं दिसतं, घालायला गेलं की फाटतं.

आणि मुदतीचं म्हणाल, तर एक आठवण आपल्या लोकांना करून द्यावीशी वाटते. जुम्म्याला आपण सूरह कहफ पढतो. तिच्यातल्या गुहेत झोपलेल्या तरुणांची गोष्ट कशी उतरली, याबद्दल तफसीरकार सांगतात की कुरैशांनी रसूलुल्लाहना (स.) ती गोष्ट परीक्षा बघण्यासाठी विचारली होती. आपण म्हणालात, उद्या सांगतो, आणि इन्शाअल्लाह म्हणायचं राहून गेलं. वही कित्येक दिवस आली नाही. विचारणारे टोमणे मारू लागले. मग गोष्ट आली आणि तिच्याबरोबर ताकीदही आली, की उद्या अमुक करीन असं अल्लाहची मर्जी म्हटल्याशिवाय बोलू नये. ते तरुण किती होते यावरही लोक आकडे लावतात, तीन, पाच, सात, आणि त्यांचा कुत्रा. कुरआन तो आकडा उघड करत नाही, त्यावरून वाद घालू नका एवढं सांगतो. ‘इन्शाअल्लाह, जुम्मेरात’ म्हणणारे नाना टाळाटाळ करतात असं गिऱ्हाइकांना वाटायचं. मला आता वाटतं, हातातलं काम आपल्या हातून पुरं होईलच याची खात्री नसलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

आता नानांच्या गोष्टीचं. रात्री दुकान बंद करून आले, जेवण झालं, की मी आणि माझी बहीण त्यांच्या दोन्ही बाजूंना आडवे व्हायचो. ते दास्तान वाचलेले नव्हते, उर्दू त्यांना अडखळत यायची. त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं आणि ‘चंद्रकांता’त बघितलेलं असं सगळं मिसळून त्यांनी एक स्वतःचा उमरो अय्यार तयार केला होता. तो कधीकधी पन्हाळ्यावरही चढायचा. त्या वर्षी गोष्ट अशी होती की उमरो एका तिलिस्मात अडकलाय आणि बाहेर पडायच्या दरवाजाला सात कुलपं आहेत. एका रात्री एक कुलूप. प्रत्येकाची किल्ली वेगळ्या ठिकाणी, एक मगरीच्या पोटात, एक रडणाऱ्या झाडाच्या ढोलीत. सहावं उघडलं तेव्हा आम्ही दोघं उठून बसलो होतो. नाना म्हणाले, “बाकी कल. सो जाव अब.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मशिनवर बसल्याजागी त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. त्यानंतर ते दीड वर्ष होते. १९९६ सालच ते, ‘चंद्रकांता’ बंद पडली तेच.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. इतक्या मोठ्या पोराला कळायला हवं होतं. पण मी रोज शाळेतून आलो की त्यांच्या खाटेवर बसायचो आणि विचारायचो, नाना, सातव्या कुलपाचं काय झालं? ते तोंड उघडायचे, घशातून काहीतरी आवाज यायचा, डावा हात हवेत फिरवायचे. मी म्हणायचो, नीट सांगा ना. एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि अम्मीने माझ्या कानफटात दिली. तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की चूक नानांची आहे. गोष्ट त्यांना माहीत आहे आणि ते मुद्दाम अडवून धरतायत. रंकाळ्यावर तो पोरगा बोलला आणि मला आठवली ती ती खाट. त्याने निदान परक्या माणसाबद्दल म्हटलं होतं.

ते सातवं कुलूप मी मनातून काढून टाकलं होतं. गेल्या रमजानात एका इफ्तारला भाचा त्याच ‘विंड्स ऑफ विंटर’वर तणतणत होता आणि बोलता बोलता म्हणाला, “त्यापेक्षा पणनानांची गोष्ट बरी. उमरोने सातवं कुलूप उघडलंच नाही. दारच चौकटीसकट उचकटलं आणि झंबिलीत टाकून चालता झाला. असा शेवट पाहिजे!” माझ्या हातातली खजूर हातातच राहिली. बहिणीकडे बघितलं, तर तिने डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं.

नंतर भांडी आवरताना तिला विचारलं. म्हणाली, “चार वर्षांचा होता, तापाने फणफणला होता. सहा कुलपं सांगून झाली आणि तो झोपेना. मला तरी काय ठाऊक सातव्याचं? ठोकून दिलं काहीतरी.” मग ताट पुसता पुसता थांबली. “पण उमरो तसाच करंल की रे. चोरटा तो. दार तेवढं मागं ठेवून जाईल व्हय?”

भाचा ती गोष्ट अजून मित्रांना नानांची म्हणूनच सांगतो. मी त्याला काही बोललेलो नाही. इथे लिहायला हरकत नाही, तो माझं लिखाण वाचत नाही.